आवाज वापरात आहे

१

जेवण झालं की अंजनाबाईंची दुपार ठरलेली. भांडी विसळायची, मागच्या दाराची कडी बघायची, बाहेरच्या खोलीत बसून टीव्हीवर दोन जुनी गाणी ऐकायची, बडीशेप तोंडात टाकायची आणि आतल्या खोलीत आडवं व्हायचं. गाणी लागायची ती टीव्हीखालच्या काळ्या डब्यातून. डबा म्हणजे कॉम्प्युटर. गाणी, पिक्चर, फोटो, सगळं त्याच्या पोटात, आणि दिसायचं टीव्हीवर. त्यांच्या मुलीनं, दीप्तीनं, विजयादशमीला पुण्याहून आणून तो जोडून दिला होता. "बंद करायचं टेन्शन नको घेऊस आई. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो आपोआप झोपतो," असं सांगून गेली होती. झोपला की पुढचा निळा दिवा हळूहळू लुकलुकायचा. जागा असला की दिवा ठाम.

दोन हजार नऊचा डिसेंबर. एका मंगळवारी साडेतीन वाजता अंजनाबाई उठून बाहेर आल्या, तर दिवा ठाम. आतला पंखा घूं करत फिरतोय. खोलीत कोण नाही, टीव्ही बंद, आणि डबा आपला टक्क जागा.

बुधवारी तेच. गुरुवारी त्यांनी अडीच तास झोप काढली, उठून आल्या, तरी दिवा ठाम. मग मात्र त्यांचं डोकं सटकलं.

"माझ्या घरात राहायचं आणि माझ्या वेळापत्रकानं झोपायचं न्हाय, ह्यो कुठला न्याय?" त्या डब्याला म्हणाल्या.

बाई काही ऐकून घेणारी नव्हतीच. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली. आधी गारगोटीला, मग कोल्हापुरात ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, आणि पलीकडून ओरडणारे आमदारापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे. कुणाला कधी घाबरल्या नाहीत. नवरा भाऊसो जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून कळंब्याच्या रस्त्यावरच्या या घरात त्या एकट्या. घर त्यांच्या कमाईचं, दारावरची पाटी त्यांच्या एकटीच्या नावाची. दीप्तीचं दर रविवारी एकच पालुपद: घराला कुलूप लाव आणि पुण्याला ये, एकटीला झेपत नाही. आणि यांचं एकच उत्तर: मला ह्या घरातनं न्यायचं असंल तर चौघांनी उचलून न्या.

म्हणून डबा झोपत नाही हे दीप्तीला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. डबा झोपत नाही असं सांगितलं तर पोरगी ऐकणार काय? आईला जमत नाही. 

२

फॉल्ट शोधायची त्यांची एक रीत होती. एका वेळी एकच वायर काढायची आणि दिवसभर थांबायचं. शुक्रवारी माऊस काढला. शनिवारी इंटरनेटची वायर. रविवारी केबलची. सोमवारी तर कीबोर्ड काढून कपाटावर ठेवला. डबा जागाच. बरं, संध्याकाळी तो शहाण्यासारखा झोपायचा. सकाळीही पंधरा मिनिटांत गप. फक्त दुपारी, त्या आत आडव्या असल्या की साहेब जागे.

शेवटी सगळं परत जोडून फोन लावावाच लागला.

"दीप्ते, काय आडलंय म्हणून न्हाय, आपलं सहज विचारतो. ह्यो डबा जागा का राहतो, हे त्यालाच विचारता येतं का?"

दीप्ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत कामाला. तिला बरं वाटलं. तिनं टीव्हीच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगितलं. अंजनाबाईंचं स्पेलिंग पक्कं. बटण दाबलं आणि पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. त्यांनी ती ट्रंक बोर्डावरच्या आवाजात वाचून दाखवली.

"ॲन ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज."

आवाज सध्या वापरात आहे.

"अगं, रेकॉर्डर," दीप्ती हसली. "मीच चालू करून ठेवला होता ना, आजोबांच्या आठवणी सांगायला."

ते खरं होतं. अंजनाबाईंचे वडील आकाराम, शिरोळचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. ती सगळी हकिकत आईनं स्वतःच्या तोंडानं सांगावी, ती जपून राहील, म्हणून दीप्तीनं टीव्हीवर माईक बसवला होता. कुणी बोलायला लागलं की रेकॉर्डर आपोआप सुरू. बोलणारा पाच सेकंद गप्प बसला की आपोआप बंद, आणि त्या वेळेची एक फाइल तयार. रेकॉर्डर चालू असला की डबा झोपत नाही. अंजनाबाईंनी तीनदा बसून आठवणी सांगितल्या होत्या आणि मग कंटाळा केला होता.

"आत्ता तू बोलतेयस, म्हणून तो जागाय," दीप्ती म्हणाली.

"आणि दुपारी मी आत झोपलेलो आसतो तवा?"

"घोरत असशील. नाहीतर झोपेत बोलत असशील. बंद करून टाक ना तो."

"बघतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजांच्या कप्प्यात तीन फाइली असायला हव्या होत्या. तिथं चव्वेचाळीस होत्या.

३

चार डिसेंबर, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं.

सुरुवातीला काहीच नाही. छताच्या पंख्याचा आवाज, लांबून एक ट्रॅक्टर. अंजनाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून सेकंद मोजले. बारा. मग आतल्या खोलीतून, लांबून, त्यांचाच आवाज.

"ओ."

कुणी हाक मारली की देतो तसा. ना त्रासिक, ना झोपेतला. स्वयंपाकघरातून द्यावा तसा साधा ओ. मग परत शांतता. आठ सेकंद.

"व्हय. मीच."

पाच सेकंदांनी फाइल संपली.

अंजनाबाईंनी ती परत लावून ऐकली. झोपेत माणूस बोलतं, त्यात नवल काय. गारगोटीला त्यांच्याबरोबर राहणारी एक ऑपरेटर झोपेत रोज नंबर मागायची. पण एक गोष्ट त्यांना काही केल्या पटेना. रेकॉर्डर आवाज आल्यावर सुरू होतो. मग ओ म्हणायच्या आधी बारा सेकंद तो कशानं सुरू झाला? आणि पाच सेकंद शांत गेले की तो बंद पडतो, तर आठ सेकंदांच्या शांततेत तो चालू कसा राहिला?

त्यांनी तपासून बघितलं. माईकसमोर "एक, दोन, तीन" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. पाचव्या सेकंदाला बंद. पंखा सुरू केला, बंद केला. त्यावर तो हलला नाही. कुकरच्या शिट्टीवर नाही. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर नाही. टाळीवर नाही. दीप्तीनं तो नीट बसवला होता. माणसाच्या बोलण्याशिवाय तो हलत नव्हता.

अकरा वेळा करून बघितलं. अकराही वेळा पाचव्या सेकंदाला बंद.

४

शालूबाई रोज पावणेचारला दूध घालायला यायची. पलीकडच्या गल्लीतली, दोन म्हशींची मालकीण, तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ.

"शालू, काल तू दूध आत न देता कट्ट्यावर का ठेवून गेलीस?"

"आता तुमच्याकडं पावणं आल्यालं, कशाला मध्येच लुडबूड करायची म्हणून ठेवलं."

"पावणं?"

"तुम्ही दारात उभं ऱ्हाऊन म्हणत हुता की. पायरीवर बसा, पायरीवर बसा."

अंजनाबाईंनी दुधाचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. "पावण्यांस्नी बघितलंस तू?"

शालूबाईनं जरा आठवून बघितलं. "न्हाय बा. पायरी मोकळीच हुती. मला वाटलं, पाय धुवायला नळावर गेल्यात. बोलणं बी आयकू आलं न्हाय त्यांचं. लई हळू बोलत्यात वाटतं."

"व्हय. नळावर गेलतं," अंजनाबाई म्हणाल्या. "शिरोळचं हुतं, लांबच्या नात्यातलं."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण शालूबाईच्या तोंडून गोष्ट गल्लीत जाते, आणि गल्लीतली गोष्ट पुण्यात पोचायला दोन दिवस लागत नाहीत हे त्यांना माहीत होतं. शालूबाई गेल्यावर त्यांनी पायरी बघितली. धुतलेली, कोरडी, साधी शहाबादी फरशीची पायरी. दारातल्या चपला त्यांच्याच. आदल्या दुपारी त्या झोपल्या होत्या. अंगाखालची चादर विस्कटलेली होती, ते त्यांना नीट आठवत होतं. दारात गेल्याचं काही म्हणता काही आठवत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला आणि सगळ्या फाइली तारखेनं ऐकल्या. ट्रंक बोर्डावर बसलेल्या बाईला एका बाजूचं बोलणं ऐकून दुसरी बाजू कळते. नवरा काय म्हणतोय हे बायकोच्या "हं" वरून त्यांनी वर्षानुवर्षं ओळखलेलं. इथं बाजू त्यांचीच होती.

पहिले चार दिवस आवाज लांबून, आतल्या खोलीतून. ओ. व्हय. मीच. न्हाय, झोपलो न्हाय. मग आवाज जवळ आला, मधल्या दाराच्या पडद्याजवळचा. "एकटीच आसतो. पोरगी पुण्याला." मोठी शांतता. "मालक जाऊन आठ वर्सं झाली." शांतता. "न्हाय, मागच्या दारानं नगं. पुढनं या."

पुढं तर त्या दारातच होत्या. शब्दांबरोबर कडी काढल्याचा आवाज आला, रस्त्यावरच्या सायकलची घंटी आली. आणि आवाजात ती कोल्हापुरी अगत्याची गोडी, जी अनोळखी माणूस दारात आला की त्यांच्या घशातून आपोआप निघायची.

"पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?"

चाळीस सेकंद. काही नाही. पंखा.

"आसं आसं. लई लांबनं आला की."

त्या वाक्यापाशी त्यांच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून त्यांना राग आला. राग त्या पाहुण्याचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा. आपल्या नकळत आपलं तोंड आपल्या घराची माहिती कुणाला तरी देत बसतं म्हणजे काय? पुढच्या फाइली त्यांनी दात आवळून ऐकल्या. उन्हात उभं राहू नका. आडोशाला या. पाणी देऊ का. आणि शेवटची, शालूबाईनं ऐकलेली: पायरीवर बसा की.

आता फक्त एकच म्हणायचं उरलं होतं. ते कुठलं, हे कोल्हापूरच्या पोरालाही सांगावं लागत नाही. दारात आलेल्या माणसाला आत या म्हटल्याशिवाय इथं कुणाची जीभ राहत नाही. पायरीवर बसलेल्या पाहुण्याला आज ना उद्या त्या आत बोलावणार होत्या, आणि बोलावल्याचं त्यांना कळणारही नव्हतं.

दीप्तीला सांगावं का? त्यांनी ते मनात एकदा म्हणून बघितलं. दीप्ते, मी दुपारी झोपेत उठून दारात कुणाशी तरी बोलतो. झालं. त्याच संध्याकाळी पोरगी गाडी घेऊन हजर, मग डॉक्टर, मग गोळ्या, मग पुण्यातल्या सातव्या मजल्यावरची खोली आणि इथं दाराला कुलूप. आणि दुसरं कुणाला सांगायचं तर ते उतारा काढायला सांगणार. नागपूरहून आल्यावर बापानं नऊ वर्षांच्या अंजनाला समोर बसवून सांगितलेलं, आपल्या घरात आता भूत न्हाय, अंगात येणं न्हाय, उतारा न्हाय, आणि भ्यायचं तर त्याहून न्हाय. बापानं एकदा टाकून दिलेलं त्या उचलणार नव्हत्या. पायरीवर कोण आहे ते कळत नाही, ठीक आहे. कळत नाही म्हणजे भूत आहे असं होत नाही. पण कळत नाही म्हणून त्याला घरात घ्यायचं, असंही होत नाही.

रेकॉर्डर बंद करायचा हात त्यांनी मागं घेतला. तो बंद केला की डबा झोपणार, आणि डबा झोपला की दुपारी आपण काय बोललो ते सांगायला घरात कुणी उरणार नाही. आठवडाभर ज्याला झोपवायला धडपडल्या त्याला आता त्या जागा ठेवणार होत्या.

६

त्या दुपारी त्या आडव्या झाल्या नाहीत. पुढच्या दाराला कडी घातली आणि टीव्हीसमोर बसल्या. पडद्यावर रेकॉर्डरची खिडकी उघडी ठेवली. तिच्यात एक हिरवी पट्टी होती. कुणी बोललं की ती उजवीकडं पळायची, गप्प झालं की मागं यायची. दीड वाजता त्यांनी तांब्यातून पाण्याचा एक मोठा घोट तोंडात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. तोंडात पाणी असल्यावर जीभ कुणाला आत बोलावणार?

त्या दिवशी दीड ते साडेतीन भारनियमन होतं. पंखा बंद पडला. डबा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहिले, आणि डबा झोपू नये म्हणून त्या मधूनमधून माऊस हलवत होत्या. खोली इतकी शांत झाली की घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. गाल दुखायला लागले. शालूबाईची म्हैस एकदा हंबरली, पट्टी हलली नाही. आपण वेड्यासारखं गाल फुगवून बसलोय असं त्यांना वाटलं आणि हसू आलं. हसता येईना म्हणून आणखी हसू आलं.

एक वाजून पन्नास मिनिटांनी पट्टी हलली.

तीन उड्या. बारीक, लगोलग. मग थांबली. खोलीत काही आवाज नव्हता. त्यांनी कान देऊन ऐकलं, खात्यातल्या एकतीस वर्षांचा कान, आणि काही नव्हतं. पट्टी परत हलली. तीन उड्या. अं, ज, ना. नुसत्या अंजना म्हणणारं जगात आता कोण राहिलं नव्हतं. आईबाप गेले. भाऊसो अगं म्हणायचा. बाकी सगळ्यांच्या त्या ताई, मावशी नाहीतर बाई.

तोंडातलं पाणी आपोआप गिळलं गेलं, आणि घशात ओ तयार होऊन बसला. तो त्यांना स्पष्ट जाणवला. उचकी यावी तसा. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

पट्टी त्यांच्या शब्दावर जोरात पळाली आणि मागं आली. मग परत पळाली, आणि या वेळी मागं आलीच नाही. थरथरत, लांब, एक सबंध वाक्य. प्रश्न. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर पडली होती, ती मध्येच तुटली होती. पायरीवर कुणी बसलं की तुटते तशी.

"न्हाय म्हणतो मी. घर माझं हाय. कुणाला घ्यायचं ते मी जागेपणी ठरवणार. बस तितंच."

रेघ हळूहळू अखंड झाली. पट्टी गप्प. पंधरा मिनिटांनी डबा आपोआप झोपला.

त्यांनी दार उघडून बघितलं नाही. त्यात भीती नव्हती, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. बघितलं की बोलावं लागतं, एवढंच.

मग रोज तेच. रोज दुपारी त्या बसायच्या, रोज तीन उड्या, रोज न्हाय. नवव्या दिवशी त्यांनी धीर करून परीक्षा घ्यायची ठरवली आणि आत जाऊन खरोखर झोपल्या. साडेतीनला उठून फाइल लावली. बारा सेकंद शांत. मग आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज, झोपेतला, जड, पण ठणठणीत. "न्हाय." आणि परत, "एकदा सांगितलं न्हवं, न्हाय."

अंजनाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या संध्याकाळी एकटीसाठी मटण आणलं. पांढरा रस्सा केला, तांबडा केला, आणि दोन्ही ओरपले. झोपेतही जीभ ताब्यात आली होती. आता कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नव्हतं.

७

पुढच्या शनिवारी दीप्ती आली. नाताळची सुट्टी जोडून दोन दिवस. आल्या आल्या तिनं आईचं ब्लडप्रेशर, घरातल्या गोळ्या, गॅसची नळी सगळं तपासलं आणि काही खोट सापडली नाही म्हणून जरा खट्टू झाली.

"तू छान दिसतेयस गं."

"मग? तुला काय वाटलं, वाकून बसल्यालो आसीन?"

रविवारी दुपारी पुरणपोळी झाली. जेवण जड झालं. दीप्ती म्हणाली, भांडी मी घासते, तू पड. अंजनाबाई पडल्या. पोरगी घरात, जीभ ताब्यात. त्या गाढ झोपल्या.

उठल्या तेव्हा दीप्ती बॅग भरून तयार होती. चहा झाला. रिक्षा दारात आली. निघता निघता तिनं टीव्हीकडं बोट केलं.

"आणि तुझा डबा नीट केलाय. रेकॉर्डरच काढून टाकला. बघ, कसा झोपलाय."

निळा दिवा लुकलुकत होता.

"कशाला काढलास?" अंजनाबाईंचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला. पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. "बरं. जपून जा. पोचलीस की फोन कर."

रिक्षा वळल्यावर त्यांनी डबा जागा केला. रेकॉर्डर गेला होता, फाइली होत्या. शेवटची रविवारची, दोन वाजून दहा मिनिटं.

बारा सेकंद शांत. नळ, भांड्यांची खडखड. आतल्या खोलीतून त्यांचाच आवाज. "न्हाय." शांतता. "न्हाय म्हटलं की." अंजनाबाईंनी मान डोलावली. मग नळ बंद झाला. पावलं स्वयंपाकघरातून बाहेर आली. कडी निघाली.

"अय्या, तुम्ही असे बाहेर का बसलात?" दीप्ती म्हणत होती, प्रसन्न, मोकळ्या आवाजात. "आई झोपलीय जरा. पण या ना. आत या ना, बसा."

कडी परत लागली. त्यानंतर खोलीतली प्लास्टिकच्या वायरींनी विणलेली लोखंडी खुर्ची करकरली, वजनदार माणूस बसल्यावर करकरते तशी. तिथं फाइल संपत होती.

८

कऱ्हाडच्या स्टँडवरून दीप्तीचा फोन आला. गाडी दहा मिनिटं थांबली होती.

"आई, डबा झोपला का?"

"झोपला." त्या उभ्यानं बोलत होत्या. "दीप्ते, दुपारी कोण आलतं का गं?"

"नाही. का?"

"काय न्हाय. शालू इचारत हुती."

"आई, मी काय म्हणते, मार्चमध्ये येच तू पुण्याला. मी खोली तयार करून घेते. ऐक ना माझं एकदा."

अंजनाबाईंचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. त्या खुर्चीकडं बघत होत्या. हिरव्या वायरीची जुनी खुर्ची, भिंतीपासून पुढं ओढलेली. तिच्या वायरी मधोमध खाली गेल्या होत्या, ताणलेल्या, फरशीपासून वीतभर वर. घरात कोण नसताना त्या अशा कधीच नसायच्या. खिडकीतून वारा आला आणि पडदा हलला. वायरी हलल्या नाहीत.

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. रात्रीची गाडी होती. दार ओढून, कुलूप लावून, किल्ली शालूबाईकडं देऊन सकाळी पुण्यात. त्या तसं करतील असं खुर्चीत बसलेल्याला नक्की वाटत होतं. म्हणूनच इतकं निवांत बसणं चाललं होतं, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्यासरशी त्यांनी पदर खोचला.

"न्हाय येणार मी," त्या म्हणाल्या. "मार्चात न्हाय आन् कधीच न्हाय. ऐकलंस?"

"इतकं जोरात काय बोलतेस गं? ऐकू येतंय मला."

"तुला न्हाय म्हणत."

फोन ठेवून त्यांनी ट्यूबलाइट लावली. आतल्या खोलीतली लोखंडी कॉट त्यांच्या एकटीच्यानं उचलत नव्हती, म्हणून त्यांनी ती फरफटत ओढली. फरशीवर चरे पडले, उंबऱ्याला पाय अडकला, पडद्याची दोरी तुटली. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत आणली, खुर्चीच्या बरोबर समोर टाकली, गादी झटकली आणि दम घेत तिच्यावर बसल्या. गुडघे खुर्चीपासून हातभर अंतरावर आले. त्यांनी मागं सरकवले नाहीत.

"बसलास न्हवं आता," त्या म्हणाल्या. "मग बस. बघू कोण आधी उठतंय."